मोज्यातल्या चार गोळ्या: कॅन्ससचा एक खटला

२०१० साली कॅन्सस राज्यात पोलिसांनी एका तरुणाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक केली. लायसन्स आधीच निलंबित होतं, त्यामुळे तो आणखी एक आरोप. डिटेन्शन सेंटरमध्ये झडती झाली तेव्हा पायातल्या मोज्यात लपवलेल्या नारिंगी रंगाच्या चार गोळ्या सापडल्या. गोळ्या अ‍ॅडेरॉल या उत्तेजक औषधाच्या आहेत आणि आपल्याकडे डॉक्टरची चिठ्ठी नाही, हे त्याने मान्य केल्याची नोंद पोलिसांच्या प्रतिज्ञापत्रात आहे.

या रात्रीत घाबरण्यासारखं काय होतं, असं कुणालाही विचारलं तर उत्तर येईल, दारू. नशेत गाडी हाकणं म्हणजे कुणाचा तरी जीव गेला असता. चार गोळ्यांनी कुणाचं काय वाकडं झालं? प्रत्यक्षात दारूचं प्रकरण राज्याच्या कोर्टात मिटलं ते मिटलंच. गोळ्यांचंही मिटलं, पण ते मिटवताना जो कागद तयार झाला, त्याच्या आधारावर २०१२ मध्ये त्याला देशाबाहेर काढण्यात आलं. त्या कागदाचा अर्थ काय, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १ जून २०१५ रोजी ठरवलं.

खटल्याचं नाव ‘मेलूली विरुद्ध लिंच’. लिंच म्हणजे तेव्हाच्या अ‍ॅटर्नी जनरल लोरेटा लिंच. मेलूली म्हणजे हाच तरुण, मूळचा ट्युनिशियाचा. २००४ मध्ये स्टुडंट व्हिसावर आला, मिसुरी विद्यापीठाच्या कोलंबिया कॅम्पसमध्ये उत्तम गुणांनी पदवी घेतली, मग उपयोजित गणित आणि अर्थशास्त्रात मास्टर्स केलं. अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ, म्हणून नोकरी केली, त्याच विद्यापीठात गणितही शिकवलं. २००९ मध्ये सशर्त ग्रीन कार्ड, २०११ मध्ये पक्कं. ट्युनिसच्या जागी नाशिक किंवा नागपूर घातलं तर ही वाट आपल्याकडच्या कितीतरी घरांना पाठ आहे. म्हणूनच हा निकाल मराठी वाचकांपुढे सविस्तर मांडावासा वाटला.

राज्याचा कायदा: दारू

अमेरिकेत फौजदारी कायदा मुख्यतः राज्यांचा. कॅन्ससचा डीयूआय कायदा, म्हणजे नशेत गाडी चालवण्याविरुद्धचा कायदा, माणसाला दोन वाटांनी पकडतो. पहिली वाट आकड्याची: गाडी चालवल्यापासून तीन तासांच्या आत घेतलेल्या चाचणीत अल्कोहोलचं प्रमाण ०.०८ किंवा त्याहून जास्त भरलं तर गुन्हा. दुसऱ्या वाटेला आकडा लागतच नाही. दारूमुळे, ड्रगमुळे किंवा दोन्हींमुळे गाडी सुरक्षित चालवण्याइतका माणूस शुद्धीत नव्हता, एवढं सिद्ध झालं की पुरे. ते ड्रग डॉक्टरने दिलेलं होतं, हा बचाव चालत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. झोपेची गोळी, मणक्याच्या दुखण्यावरची गोळी, सगळं यात आलं.

०.०८ हा आकडा जवळजवळ सगळ्या राज्यांत सारखा दिसतो, त्यामागे केंद्राचा पैसा आहे. २००० साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ठरवलं की जे राज्य ही मर्यादा आणणार नाही त्याच्या महामार्ग निधीला कात्री लागेल. २००४ पर्यंत सगळी राज्यं रांगेत आली. युटाने २०१८ च्या अखेरीस त्याहीपुढे जाऊन ०.०५ केली. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे अमेरिकी पद्धतीने ०.०३. आकड्यापुरता भारताचा कायदा कडक आहे. त्यातूनच ‘अमेरिकेत दोन पेग चालतात’ ही समजूत पसरते. ती चुकीची आहे, कारण दुसरी वाट कायम उघडी असते.

पकडल्यावर कॅन्ससमध्ये दोन फायली एकाच वेळी उघडतात, आणि नव्याने आलेले लोक गोंधळतात ते इथेच. एक फौजदारी. पहिल्या गुन्ह्याला किमान ४८ तास कोठडी किंवा त्याऐवजी १०० तास समाजसेवा, कमाल सहा महिने, शिवाय किमान ७५० डॉलर दंड. दुसऱ्यांदा सापडलात तर ९० दिवसांपासून वर्षापर्यंत. दुसरी फाइल लायसन्सची. ती कोर्टाकडे नसते, राज्याच्या वाहन विभागाकडे असते, आणि तिची सुनावणी हवी असेल तर १४ दिवसांत लेखी मागावी लागते. फौजदारी तारखेची वाट पाहत बसलेल्या माणसाचे हे १४ दिवस निघून जातात आणि लायसन्स आपोआप जातं. पहिल्यांदा चाचणीत नापास झालात तर ३० दिवस निलंबन, त्यानंतर गाडीत इंटरलॉक: त्यात फुंकर मारल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. चाचणीला नकार दिलात तर निलंबन थेट एक वर्षाचं.

नकारावर कॅन्ससने आणखी एक पाऊल टाकून पाहिलं होतं. चाचणी नाकारणं हाच स्वतंत्र गुन्हा केला. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं. त्याच वर्षी केंद्रीय सुप्रीम कोर्टाने ‘बर्चफील्ड’ खटल्यात रेघ आखली: अटकेनंतर श्वासाची चाचणी वॉरंटशिवाय घेता येते, रक्ताची मात्र सहसा नाही.

आपल्या खटल्यात यातलं काहीच निर्णायक ठरलं नाही. तरुणाने डीयूआयचा गुन्हा कबूल केला. विषय संपला.

राज्याचा कायदा: गोळ्या

अ‍ॅडेरॉल हे अ‍ॅम्फेटामाइन गटातलं औषध. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं कठीण करणारा विकार, असलेल्या मुलांना आणि मोठ्यांना अमेरिकेत ते सर्रास लिहून देतात. परीक्षेच्या आठवड्यात ते होस्टेलच्या खोल्यांमधून हातोहात फिरतं, कारण रात्रभर जागून अभ्यास होतो. भारतात ते मिळत नाही, त्यामुळे आपल्या मुलांची त्याच्याशी पहिली ओळख बहुधा रूममेटच्या बाटलीतून होते. त्या बाटलीवर रूममेटचं नाव असतं आणि कायद्याच्या दृष्टीने फरक पडतो तो तिथेच. चिठ्ठी ज्याच्या नावाची त्याच्या खिशात ते औषध, दुसऱ्याच्या खिशात तीच गोळी म्हणजे अंमली पदार्थ. कॅन्ससमध्ये असं उत्तेजक चिठ्ठीशिवाय बाळगणं ही फेलनी, म्हणजे गंभीर श्रेणीचा गुन्हा.

इथे गोळ्या डिटेन्शन सेंटरच्या आत सापडल्या होत्या, त्यामुळे सुरुवातीचा आरोप त्याहून जड लागला: तुरुंगात निषिद्ध माल नेणं. मग अमेरिकेतल्या बहुतेक फौजदारी प्रकरणांत होतं तेच झालं. सरकारी वकील आणि बचावाचा वकील यांच्यात बोलणी झाली, आरोप हलका करण्यात आला. सुधारित आरोपपत्रातला नवा गुन्हा होता अंमली पदार्थांचं साहित्य बाळगण्याचा, आणि तो मिसडिमीनर, म्हणजे हलक्या श्रेणीतला. साहित्य म्हटलं की चिलीम, सिरिंज, वजनकाटा डोळ्यांपुढे येतो. इथे आरोपपत्रात साहित्य म्हणून नमूद केलेली वस्तू होती मोजा. नियंत्रित पदार्थ साठवण्यासाठी, लपवण्यासाठी किंवा शरीरात घेण्यासाठी वापरलेला मोजा. आणि तो नियंत्रित पदार्थ कोणता, हे आरोपपत्रात कुठेच लिहिलं नव्हतं.

वाचताना हसू येतं खरं. पण मोज्याला साहित्य ठरवणारा हा कागद पुढे त्या तरुणाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरला.

डीयूआय आणि साहित्य या दोन्हींसाठी मिळून शिक्षा झाली ३५९ दिवसांची, तीही स्थगित, आणि १२ महिन्यांचं प्रोबेशन. म्हणजे अट पाळली तर तुरुंगात जायचं नाही. त्याने प्रोबेशन नीट पूर्ण केलं. राज्याच्या दृष्टीने हिशेब चुकता झाला.

राज्याराज्यांतला फरक किती टोकाचा असू शकतो, याचं उदाहरण याच भागात आहे. कॅन्सस सिटीच्या मधून ‘स्टेट लाइन रोड’ नावाचा रस्ता जातो. एका कडेला मिसुरी, दुसऱ्या कडेला कॅन्सस. मिसुरीत २०२२ च्या नोव्हेंबरात मतदारांनी गांजाला मंजुरी दिली. २१ वर्षांवरील माणूस तीन औंसांपर्यंत बाळगू शकतो, आणि फेब्रुवारी २०२३ पासून रीतसर दुकानात विकत घेऊ शकतो. तीच पुडी घेऊन रस्ता ओलांडून ओव्हरलँड पार्कच्या बाजूला आलात की पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि हजार डॉलरपर्यंत दंड. ओव्हरलँड पार्क आणि ओलेथ या उपनगरांत आयटीतली भारतीय कुटुंबं बरीच आहेत. दुकान कायदेशीर, पावती कायदेशीर, आणि घर मात्र चुकीच्या कडेला. केंद्राच्या यादीत तर गांजा दोन्ही कडांना नियंत्रित पदार्थच आहे. नागरिकाला त्याची फारशी झळ लागत नाही. जो नागरिक नाही त्याच्यासाठी मात्र मिसुरीची पावतीसुद्धा कबुलीजबाब ठरू शकते.

फेब्रुवारी २०१२

प्रोबेशन संपून काही महिने झाले होते. इमिग्रेशन खात्याच्या अंमलबजावणी विभागाने, म्हणजे ‘आइस’ने, त्याला अटक केली. कारण दाखवलं ते इमिग्रेशन कायद्याच्या एका कलमाचं: नियंत्रित पदार्थाशी संबंधित असलेला कोणत्याही राज्याचा, केंद्राचा किंवा परदेशाचा कायदा मोडल्याबद्दल ज्याला दोषी ठरवलं गेलं आहे, तो हद्दपारीस पात्र. अपवाद एकच, स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगण्याचा एकुलता एक गुन्हा. कलमात ‘परदेशाचा’ हा शब्द आहे याकडे आपण लक्ष द्यायला हवं. गोव्यात किंवा मनालीत एनडीपीएस, म्हणजे भारताच्या अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली झालेली शिक्षाही त्यात बसते.

डीयूआयचा उल्लेख हद्दपारीच्या नोटिशीच्या आधारात नव्हता, कारण तो आधार होऊ शकत नव्हता. साधा डीयूआय हा हद्दपारीचा गुन्हा नाही. फ्लोरिडातल्या एका खटल्यात, ‘लिओकल’मध्ये, दारूच्या नशेत अपघात होऊन माणसं जखमी झाली होती, तरीही तो इमिग्रेशन कायद्यातला हिंसक गुन्हा ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये एकमताने सांगितलं. इमिग्रेशन अपील मंडळाचंही मत साधारण तेच, फक्त एक खाच आहे: लायसन्स निलंबित आहे हे माहीत असून नशेत गाडी चालवली, असा गुन्हा सिद्ध झाला तर त्याला नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानल्याचं १९९९ चं उदाहरण आहे. आपल्या तरुणाला निलंबित लायसन्सच्याही आरोपात पकडलं होतं. पण हद्दपारीचं कारण ते नव्हतं. कारण होता मोजा.

इमिग्रेशन न्यायाधीशाने हद्दपारीचा हुकूम दिला, अपील मंडळाने कायम केला, आणि २०१२ मध्येच त्याला देशाबाहेर पाठवण्यात आलं. पुढे आठव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टानेही २०१३ मध्ये सरकारचीच बाजू उचलली. सुप्रीम कोर्टात युक्तिवाद झाले तेव्हा तो अमेरिकेत नव्हताच.

धोतऱ्याचा मुद्दा

सुप्रीम कोर्टापुढचा प्रश्न ऐकायला कोरडा होता. कलमात ‘नियंत्रित पदार्थ’ या शब्दांपुढे कंसात लिहिलंय, केंद्रीय कायद्यात व्याख्या केल्याप्रमाणे. म्हणजे यादी केंद्राची. कॅन्ससच्या कलमातली यादी मात्र कॅन्ससची. दोन्ही याद्या तंतोतंत जुळत नव्हत्या. गुन्हा घडला तेव्हा कॅन्ससच्या यादीत किमान नऊ पदार्थ असे होते जे केंद्राच्या यादीत नव्हते. त्यात एक साल्व्हिया नावाची वनस्पती, आणि एक धोतरा.

हो, तोच धोतरा. महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतो, शेताच्या बांधावर आणि उकिरड्यावर उगवतो, आणि आजी ज्याला हात लावून देत नाही. कॅन्ससच्या लेखी तो अव्वल श्रेणीचा अंमली पदार्थ, वॉशिंग्टनच्या लेखी रानटी झुडूप.

मग कोर्टाने विचार कसा केला? इमिग्रेशनच्या प्रकरणांत एक जुनी पद्धत आहे: माणसाने प्रत्यक्षात काय केलं हे पाहायचं नाही, त्याला ज्या गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं त्या गुन्ह्याचे घटक पाहायचे. पोलिसांच्या प्रतिज्ञापत्रात अ‍ॅडेरॉल लिहिलेलं होतं, पण त्याने कबूल केलेल्या आरोपपत्रात नव्हतं. त्या आरोपपत्राप्रमाणे मोज्यात धोतऱ्याच्या बियाही असू शकल्या असत्या. मग या दोषसिद्धीने केंद्राच्या यादीतला पदार्थ सिद्ध झाला, असं म्हणता येतं का?

सरकार म्हणत होतं की ‘संबंधित’ हा शब्द पुरेसा रुंद आहे, दोन याद्यांमध्ये मोठा भाग सामाईक आहे तेवढं पुरे. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने ते फेटाळलं. सात विरुद्ध दोन. केंद्राची यादी कायद्यात मुद्दाम घातलेली आहे. राज्याचा गुन्हा त्या यादीतल्या पदार्थाशी जोडला गेला पाहिजे. अपील मंडळाच्या भूमिकेतली विसंगतीही त्यांनी दाखवली. मंडळाच्या नियमाप्रमाणे ड्रग बाळगण्याच्या किंवा विकण्याच्या गुन्ह्यात यादी जुळणं आवश्यक, पण साहित्याच्या गुन्ह्यात नाही. म्हणजे ड्रग विकणारा सुटू शकतो आणि ज्याच्याकडे मोजा सापडला तो हद्दपार. निकालात आणखी एक बारकावा आहे जो मला फार आवडला: केंद्रीय कायदा साहित्य नुसतं बाळगण्याला गुन्हा मानतच नाही, फक्त विक्री-व्यापाराला मानतो, आणि त्यासाठीही वस्तू मुख्यतः ड्रगसाठीच बनवलेली हवी. मोजा बनवतात पायात घालायला.

न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी विरोधी मत लिहिलं, सॅम्युएल अलिटो त्यांच्याबरोबर. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. ‘संबंधित’ हा शब्द कायदेमंडळाने रुंदच वापरला आहे, आणि कॅन्ससचं साहित्यविषयक कलम नियंत्रित पदार्थांशी संबंधित नाही असं म्हणणं साध्या वाचकाला पटणार नाही, हे खरं आहे. तरीही माझं मत बहुमताच्या बाजूने झुकतं. कारण शब्द इतका ताणला तर त्याला शेवट राहत नाही, आणि हद्दपारीसारखी शिक्षा कुठे थांबते ते माणसाला गुन्हा कबूल करण्याआधी कळायला हवं.

निकालाने काय दिलं नाही

इथे अनेकजण चुकीचा अर्थ काढतात. अ‍ॅडेरॉलच्या चार गोळ्या माफ झाल्या असं कोर्टाने म्हटलेलं नाही. आरोपपत्रात ‘अ‍ॅम्फेटामाइन’ हा एक शब्द असता, तर तो पदार्थ दोन्ही याद्यांत आहे, आणि हद्दपारी टिकली असती. कृत्य तेच, गोळ्या त्याच, मोजा तोच. त्याला तारलं ते कागदावर न लिहिलेल्या एका नावाने.

ते नाव मुद्दाम गाळलं होतं की सहज राहून गेलं, निकालातून कळत नाही. पण आज कोणताही जाणता बचाव वकील ते सहज राहू देणार नाही. २०१० च्या मार्चमध्ये ‘पाडिया विरुद्ध केंटकी’ निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परदेशी अशिलाला गुन्हा कबूल करण्याआधी त्याचे इमिग्रेशनवरचे परिणाम सांगणं हा वकिलाच्या कर्तव्याचाच भाग आहे. त्या खटल्यातला माणूस व्हिएतनाम युद्धात अमेरिकेकडून लढलेला ट्रकचालक होता, चाळीस वर्षं देशात राहिलेला, आणि त्याच्या वकिलाने त्याला सांगितलं होतं की इतकी वर्षं झालीत तर काळजीचं कारण नाही. फौजदारी वकील चांगला आहे आणि तो इमिग्रेशन जाणतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या भेटीत हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावं.

दुसरा सापळा ‘डायव्हर्जन’चा. कॅन्ससमध्ये पहिल्या डीयूआयला सरकारी वकिलाशी करार करता येतो: अटी पाळा, खटला काढून टाकू. लोक सुटकेचा निश्वास टाकतात. पण पुन्हा सापडलात तर ते डायव्हर्जन आधीची दोषसिद्धी म्हणूनच मोजलं जातं. आणि इमिग्रेशन कायद्यात १९९६ पासून दोषसिद्धीची स्वतःची व्याख्या आहे: माणसाने गुन्हा किंवा पुरेशी तथ्यं कबूल केली आणि न्यायाधीशाने काही ना काही बंधन घातलं, की झाली दोषसिद्धी, मग राज्याने फाइल बंद करून वर अभिनंदन केलं तरी. कॅन्ससचे करार या व्याख्येत बसतात की नाही यावर वाद घालता येतो, पण तो वाद घालायची वेळ एअरपोर्टवर येऊ नये.

व्हिसावर असणाऱ्यांचं वेगळं गणित

हा तरुण ग्रीन कार्डवाला होता, म्हणून त्याचा डीयूआय बाजूला राहिला. एच-१बी या नोकरीच्या किंवा एफ-१ या विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असता तर उलट झालं असतं. नोव्हेंबर २०१५ पासून परराष्ट्र खात्याचं धोरण आहे की गेल्या पाच वर्षांत डीयूआयची नुसती अटक झाली असली तरी व्हिसा रद्द करता येतो. शिक्षा लागत नाही, आरोप सिद्ध व्हावा लागत नाही. एक दिवस ईमेल येतो. अशा वेळी अमेरिकेत राहण्याचा दर्जा त्या क्षणी संपतोच असं नाही, कारण व्हिसा प्रवेशासाठी असतो आणि मुक्काम वेगळ्या नोंदीवर चालतो. पण आईच्या आजारपणात पुण्याला गेलात की परतीसाठी नवा व्हिसा, आणि त्याआधी मुंबईत वाणिज्य दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरकडून दारूच्या व्यसनाची तपासणी. परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये पत्रकारांना दिलेल्या माहितीप्रमाणे त्या वर्षात सुमारे ८०,००० व्हिसा रद्द झाले, त्यातले सुमारे १६,००० डीयूआयच्या कारणाने.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र ग्रीन कार्ड आणि व्हिसा दोघांचा धोका सारखा, आणि आपल्या घरात तो सुटकेसमधून येतो. झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलम, पाठदुखीवर ट्रॅमाडॉल, खोकल्याला कोडीनचं सिरप. केमिस्टकडून आणलेली अर्धी पट्टी, कात्रीने कापलेली, नाव आणि तारीख असलेला भाग घरीच राहिलेला. हे तिन्ही अमेरिकेत नियंत्रित पदार्थ आहेत. ट्रॅमाडॉल २०१४ पासून. केंद्राचा नियम असा की अमेरिकेत राहणाऱ्याने परदेशात घेतलेली अशी औषधं स्वतःच्या उपचारासाठी आणायची तर मूळ पाकिटात हवीत, कस्टमला नावासकट सांगायला हवीत, आणि सगळी मिळून ५० डोसांच्या वर नकोत. आणि राज्याचा कायदा त्यावर वेगळा लागू होतोच. ग्लव्ह कंपार्टमेंटमधली ती कापलेली पट्टी आणि मोज्यातल्या चार गोळ्या यांत कॅन्ससचा कायदा फार फरक करत नाही.

२०२१ चं वळण

२०१५ च्या निकालानंतर वकिलांमध्ये एक सूत्र पक्कं झालं होतं: कबुलीच्या कागदात पदार्थाचं नाव येऊ देऊ नका. ४ मार्च २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने ‘पेरेडा’ खटल्यात त्याला मर्यादा घातली. प्रकरण नेब्रास्काचं होतं, ड्रगचं नव्हतं. पाच विरुद्ध तीन अशा निकालात न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी लिहिलं की हद्दपारी रद्द करण्याची सवलत माणूस स्वतः मागत असेल, तर आपला गुन्हा अपात्र ठरवणारा नव्हता हे सिद्ध करायचं ओझं त्याच्यावरच आहे. कागद संदिग्ध असेल तर नुकसान त्याचं.

म्हणजे सरकार हद्दपार करू पाहतं तेव्हा न लिहिलेलं नाव माणसाच्या उपयोगी पडतं, आणि तो स्वतः सवलत मागतो तेव्हा तेच मौन त्याला आडवं येतं. म्हणून आता वकील नाव नुसतं टाळत नाहीत. केंद्राच्या यादीत नसलेला पदार्थ, किंवा ड्रगशी संबंधच नसलेलं एखादं वाहतुकीचं किंवा सार्वजनिक शांततेचं कलम, कबुलीच्या कागदात ठळकपणे लिहून घेण्याचा प्रयत्न करतात. सरकारी वकील त्याला तयार होईलच असं नाही. कबुली देताना न्यायाधीश आरोपीला विचारतात, काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा. ते उत्तर टेप होतं, त्याची प्रत निघते, आणि वर्षांनंतर इमिग्रेशन न्यायाधीशाच्या टेबलावर येऊ शकते. ते वाक्य वकिलाबरोबर आधी बसून, शब्दन्‌शब्द ठरवून ठेवावं लागतं.